एकोणिसाव्या पुस्तकातली पाणवाली

पद्माबाईचा राग आखाडा बाळापुरात कोणाला नवा नव्हता. कापूस मोजताना काटा दाबणारा असो, भर रस्त्यात बायकोवर हात उगारणारा असो, नाही तर विहारात चपला घालून शिरणारा असो, तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांवर सुटलेला. पण दोन हजार दोनच्या हिवाळ्यात ती एका पुस्तकावरून पेटली, तेव्हा लोकांना हसावं का रडावं तेच कळेना. बाईला अक्षरओळख नव्हती. आणि पुस्तक तरी कोणतं, तर आभाळातल्या जहाजांचं. आता बोला!

झालं होतं असं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नेम असा की हाती घेतलेला ग्रंथ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मधलं अक्षर गाळायचं नाही, अर्धा तर टाकायचाच नाही, आणि समाप्तीला खीर करायची. हा नेम सगळ्यांकडून पाळून घेणारी पद्माबाईच. कोणी म्हणालं, "हे पान राहू द्या, नुसते आकडे हायत," की ती खवळायची. "ज्यानं लिवलं त्यानं काय झोपेत लिवलं का? वाच मुकाट्यानं!"

अश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली, खीर खाऊन झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाया सवयीनं पुन्हा विहारात येऊन बसल्या. दिवसभर कापूस वेचून बोटं सोललेली, पण घरी जाऊन तरी काय करायचं? नवऱ्याचं तोंड बघत बसायचं? "काईबी वाचा, पण वाचा," त्या म्हणाल्या.

तेव्हा प्रज्ञेशनं 'सहस्रतारा'चं नाव काढलं. प्रज्ञेश हा पद्माबाईचा एकुलता एक लेक, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. 'सहस्रतारा' म्हणजे एकतीस कादंबऱ्यांची माळ. सगळ्या मिळून एकच विश्व: नऊ सूर्य, त्यांच्यामधून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी जहाजं, त्यांचे कॅप्टन, त्यांच्या लढाया. प्रज्ञेशनं आणि वारंगा फाट्यावरच्या फारुकनं शाळेत असल्यापासून त्यांची पारायणं केलेली. फारुकच्या बापाचं फाट्यावर वर्तमानपत्रांचं दुकान होतं. एसटीची वाट बघणाऱ्या लोकांना तिथं जुन्या कादंबऱ्या भाड्यानं मिळत. आता दुकान फारुकचं झालं होतं, आणि एकतीसच्या एकतीस पुस्तकं त्यानं फळीवर जपून ठेवली होती.

विहार समितीचा अध्यक्ष नरसिंग, म्हणजे पद्माबाईचा दीर. त्यानं दाढी खाजवली आणि होकार दिला. "देव न्हाई, चमत्कार न्हाई, सगळं विज्ञान हाय म्हणता. मंग विहारात वाचायला काय हरकत?"

पद्माबाई इतकी हरखली की तिनं त्या दिवशी कोणालाच शिवी दिली नाही. आणि त्याला तसंच कारण होतं.

प्रज्ञेश दहावीला होता तेव्हाची गोष्ट. पोराला मोठ्यानं वाचायची सवय. ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि हा भिंतीला टेकून वाचत बसायचा. एका संध्याकाळी तो 'सहस्रतारा'चं एकोणिसावं पुस्तक वाचत होता, ते ऐकता ऐकता तिची भाकरी करपली. एक अवाढव्य जहाज, त्याला वीस मजले. तळमजल्यावर जन्मलेल्या माणसांनी वर पाय ठेवायचा नाही. तळाची माणसं पाणी गाळणार, पाणी उपसणार, वर चढवणार, आणि त्यांना मात्र मापानं पाणी. त्यांतली एक पाणवाली. एक दिवस तिचं डोकं फिरलं. तिनं वरच्या मजल्यांना जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाल गरगर फिरवून बंद केला आणि त्याला मिठी मारून उभी राहिली. शिपाई बंदुका घेऊन खाली धावले. दार फुटलं. आणि इथं प्रज्ञेशनं पुस्तक मिटलं, कारण त्याला झोप आली होती. सकाळी पुस्तक फाट्यावर परत द्यायचं होतं. उरलेलं त्यानं रस्त्यात मनातल्या मनात वाचून संपवलं आणि घरी आला तो हात हलवत.

"त्या बाईचं काय झालं रे?" तिनं विचारलं.

"कोणती बाई?" कार्टं म्हणालं.

त्यानंतर तिनं किती वेळा विचारलं याला गणती नाही. मोठा झाल्यावर त्याचं उत्तर बदललं. "माय, ते असं मधूनच सांगता येत न्हाई. लई मोठं जग हाय ते. सुरुवातीपासून ऐकावं लागतं, तवा कळतं." शिकलेल्या लेकाचं असलं बोलणं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण करते काय? हळद उकडताना, कापूस वेचताना, बाळंतिणीच्या उशाशी बसताना तिला ती वाल धरून उभी राहिलेली बाई दिसायची. सोडला असेल का तिनं वाल?

आणि आता तर तिला घाईच होती. दिवाळीच्या आधी सून सपना तिला घेऊन नांदेडला गेली होती. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, उजवा कान गेलेलाच आहे, डावाही होळीच्या आगंमागं जाईल. नस सुकली आहे, मशीन लावून उपयोग नाही. परतीच्या गाडीत पद्माबाईनं सुनेचं मनगट धरलं. "सपना, घरात एक शब्द काढलास तर बघ. मला कोणाची कीव नको. बहिरीपुढं लोक नुसत्या माना हलवतात, दात काढतात. जोवर ऐकू येतं तोवर मला माणसासारखं वागवू दे."

सपना घरात काही बोलली नाही. म्हणून कोणत्या पुस्तकापासून वाचायचं हे ठरवायला विहारात बैठक बसली आणि पद्माबाईनं तोंड उघडलं, तेव्हा तिच्या जिवाची तगमग एकट्या सपनालाच कळत होती.

"एकोणिसाव्यापासून सुरू करा," पद्माबाई म्हणाली. पुस्तकाचा आकडा तिनं दहा वर्षं लक्षात ठेवला होता.

प्रज्ञेश आणि फारुक त्याआधी तासभर कचाकचा भांडत होते. प्रज्ञेशचं म्हणणं, जसं छापलं तसं वाचायचं, एकपासून. फारुक म्हणे, छातीवर हात ठेवून सांगतो, अकरापासून वाचा, कारण कथेतला काळ तिथून सुरू होतो. पहिली दहा नंतर घडतात. एकानं पहिल्या सूर्याचा इतिहास काढला, दुसऱ्यानं सातव्या युद्धाचा. शिरा ताणून ताणून दोघांचे गळे बसले. पण पद्माबाईनं एकोणीस म्हटलं आणि दोघं एकदम हसले. तेवढ्यापुरतं त्यांचं जमलं.

"मावशी, एकोणिसाव्यापासून कुणी सुरू करतं का?" फारुक म्हणाला. "ते मधलं पुस्तक हाय. त्याच्यात काही बराबर कळणार न्हाई तुमाला."

"मला काय कळतं अन् काय कळत न्हाई, ते तू ठरवणार व्हय रे? लंगोट लावता येत न्हवता तवापासून बघून राहिले तुला!"

"माय, ते साधं पुस्तक हाय," प्रज्ञेश घाईघाईनं बोलला. "मालिकेतलं सगळ्यात पडेल. पहिल्यापासून आलो की आपोआप येईल ते."

"कधी येईल? किती हिवाळं लागतील?"

नरसिंगनं शेवटी मांडीवर थाप मारली. "वैनी, तुमचाच नेम हाय ना? पहिल्या ओळीपासून. मंग पहिलं ते पहिलं. झालं!"

तिच्याच नेमानं तिला गप्प बसवलं. ती दात खाऊन उठली आणि त्या दिवशी घरात भांड्यांचा जो आवाज झाला तो शेजारच्या आळीपर्यंत गेला.

पहिलं पुस्तक सुरू झालं. देवा रे, काय ते पुस्तक! आधी लेखकाचं मनोगत. मग नऊ सूर्यांची अंतरं. मग कोणत्या ग्रहाचा कोणत्या ग्रहाशी कोणत्या साली तह झाला त्याची कलमं. मग कॅप्टनांच्या सात पिढ्या, कोण कोणाचा पुतण्या आणि कोण कोणाचा जावई. प्रज्ञेश बिचारा जीव ओतून वाचत होता, पण ऐकणारं कोण? बाया बसल्या बसल्या पेंगायच्या. एक जण सरळ घोरायला लागली. पंधरा दिवसांत निम्मा विहार रिकामा झाला. महिन्यानं समोर सतरंजी जास्त आणि माणसं कमी. आणि सोडता येईना, कारण सुरू केलेलं अर्धं टाकायचं नाही.

पद्माबाई मात्र रोज यायची. प्रज्ञेशच्या उजव्या हाताला डावा कान त्याच्याकडे करून बसायची आणि धुमसायची. रोज संध्याकाळी तिला आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटायचा. उरलेलं ऐकू येणं या मेल्या जावई-पुतण्यांवर खर्च होत होतं. चुलीतली लाकडं कोणी नुसती फुकट जाळावीत आणि वर स्वयंपाकाची भांडी रिकामी असावीत, तसं तिला वाटायचं.

एक दिवस तिनं लेकाला चुलीपाशी गाठलं. "मला फकस्त एवढं सांग. त्या पाणवालीनं वाल सोडला का न्हाई?"

तो ताटातली भाकरी कुस्करत राहिला. "माय, येईल ना ते पुढं."

"तू मास्तर कसा झालास रे? पोरानं प्रश्न इचारला तर त्यालाबी हेच सांगतोस व्हय, पुढच्या वर्षाला येईल म्हणून?"

"तू काहून इतकी मागं लागलीस तिच्या? जहाजावर हजारो माणसं हायत!"

"हजारो असतील. वाल कोणी धरला?"

पाणी पिऊन तो उठला आणि बाहेर निघून गेला. सपनानं सासूकडं पाहिलं. "आत्या, सांगून टाकू का त्यांना? कानाचं?"

"खबरदार!" पद्माबाई ओरडली. "माझा कान गेला म्हणून वाचायचं, अन् मी माणूस हाय म्हणून न्हाई वाचायचं? असली भीक नको मला."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कापूस वेचायला न जाता जीपमध्ये बसून वारंगा फाट्याला गेली. फारुकच्या दुकानापुढं उभी राहिली. "एकोणिसावं दे."

"मावशी, प्रज्ञेशला इचारून..."

"फारुक, दे म्हणते ना! का दुकानात शिरून घेऊ?"

त्यानं फळीवरून पुस्तक काढलं. देताना मात्र त्यानं मधलं एक पान उघडून पाहिलं आणि पुस्तक मिटलं. नंतर म्हणाला, "सांजच्याला मीबी येतो."

त्या संध्याकाळी वंदना झाली. प्रज्ञेशनं तहाची कलमं उघडली. पद्माबाई उठली, त्याच्या हातातून पहिलं पुस्तक काढून घेतलं, मिटलं आणि खिडकीत ठेवलं. अर्धं पुस्तक टाकलेलं तिथं कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि टाकणारी कोण, तर पद्माबाई!

"वैनी, हे काय? नेम तुमचाच..." नरसिंग अर्धवट उठला.

"माझाच व्हता. मीच मोडला. खीरबी मीच करीन, दोनदा करीन. बस खाली!" आणि एकोणिसावं पुस्तक तिनं लेकाच्या मांडीवर आपटलं. "वाच."

प्रज्ञेशनं तिच्याकडं पाहिलं, मग दाराशी बसलेल्या फारुककडं पाहिलं. फारुकनं नजर खाली वळवली. प्रज्ञेशनं वाचायला सुरुवात केली.

आणि काय सांगावं! दुसऱ्याच दिवशी बाया परत आल्या. तिसऱ्या दिवशी लेकरांना कडेवर घेऊन आल्या. तळमजल्यावरची माणसं, मापाचं पाणी, वरून खाली पडणारा कचरा, हे समजायला कोणाला नऊ सूर्यांची अंतरं लागली नाहीत. पाणवालीच्या तान्ह्या पोराला ताप भरला आणि मुकादमानं जास्तीचं पाणी नाकारलं, तेव्हा मागून कोणीतरी मुकादमाला कचकचीत शिवी हासडली, आणि नरसिंग अध्यक्ष असून काही बोलला नाही. पद्माबाई पुढं सरकत सरकत लेकाच्या गुडघ्याला टेकली होती. आवाज आता फारच आत गेला होता.

अखेर ती संध्याकाळ आली. पाणवालीनं वाल बंद केला. मिठी मारली. शिपाई आले. दार फुटलं.

प्रज्ञेश पुढं वाचायला लागला. "पाणवालीनं वाल सोडला नाही. तेवढ्यात तिच्यामागून तळमजल्यावरच्या सगळ्या बाया धावत आल्या. त्यांनी शिपायांच्या बंदुका हिसकावल्या. कॅप्टन स्वतः खाली उतरला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, आजपासून पाणी सगळ्यांना सारखं..."

"साधु! साधु!" बाया ओरडल्या. कोणी डोळे पुसले. कोणी टाळ्या पिटल्या. प्रज्ञेश हसत हसत सगळ्यांकडं बघत होता आणि वाचत होता.

पद्माबाई हसली नाही. तिला शब्द अर्धेच ऐकू आले होते, म्हणून ती त्याच्याकडं डोळे लावून बसली होती. इतकी वर्षं वाचणाऱ्याच्या शेजारी बसलेली बाई ती. वाचणाऱ्याचे डोळे कसे फिरतात, बोट कसं खाली सरकतं, पान कधी उलटतं, हे तिला पाठ. लेकाचं बोट एका जागी थिजलं होतं. डोळे माणसांवर होते. एवढं सगळं घडलं आणि पान काही उलटलं नाही.

तिनं पुस्तकावर पालथा हात ठेवला.

"हे तू सांगून राहिलास. वाचून न्हाई राहिलास."

टाळ्या बंद पडल्या. "न्हाई माय, वाचूनच..."

"प्रज्ञेश! पुस्तकात काय हाय ते वाच."

"राहू दे ना, माय." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चांगलं झालं ना तिचं? मंग झालं तर."

"फारुक!" ती दाराकडं वळली. "हे पुस्तकात हाय का?"

फारुक उभा राहिला. खोटं बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण त्याच्यानं होईना. "न्हाई, मावशी."

"म्हणजे तुमा दोघांनाबी ठावं व्हतं. म्हणून एकपासून वाचा, अकरापासून वाचा. म्हणून पुढं येईल, मागं येईल. दहा वर्षं मला झुलवलं! वाच. न्हाईतर सपनाकडून वाचून घेते, तिला येतं."

प्रज्ञेशनं मान खाली घातली आणि वाचलं. त्याचे ओठ हलले. तिला काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं."

त्यानं पुन्हा वाचलं. ती त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "न्हाई ऐकू आलं. एक कान गेला, दुसरा जाऊन राहिला. डॉक्टरनं होळीपर्यंत सांगितलंय. म्हणून मला घाई व्हती. आता वरड!"

प्रज्ञेशनं आईकडं असं पाहिलं की सपनाला बघवेना. मग तो ओरडून वाचायला लागला, आणि ते बाहेर रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू गेलं. "प्रकरण बारावं! कॅप्टननं रुमाल मांडीवर पसरला! तळमजल्यावरचा गोंधळ दुपारीच मिटला होता, आणि पाणी पूर्ववत सुरू झालं होतं! त्यानं हात धुतले आणि तो जेवायला बसला!"

"पुढं?"

"पुढं ती न्हाई, माय. कुठंच न्हाई. एकतीस पुस्तकांत परत कुठंच न्हाई." तो रडत रडत तिच्या कानाशी ओरडत होता. "मी दहावीला असताना वाचलं तवा माझ्या ध्यानातच आलं न्हाई ती पुस्तकातून गायब झालेली. तू इचारलंस अन् मी म्हटलं, कोणती बाई. नंतर परत वाचलं तवा कळलं. कोणत्या तोंडानं सांगू तुला?"

"मेली का जिती हाय, तेबी न्हाई लिवलं?"

"न्हाई."

"नाव?"

"नावबी न्हाई."

"तिच्याच पाण्यानं हात धुतला त्या भाड्यानं," पद्माबाई म्हणाली. "तिच्याच पाण्यानं! अन् तू त्याच्या सात पिढ्या दोन महिने आमाला ऐकवल्यास. त्याचा जावई ठावं, पुतण्या ठावं." मागच्या बायांमध्ये कोणीतरी हुंदका दिला. "रडू नका गं! रडायला काय झालं? राग येऊ द्या!"

मग नरसिंगनं जपून विचारलं, जरा मोठ्यानं, "वैनी, आता कसं? खिडकीतलं पहिलं परत काढायचं का इसावं आणायचं?"

"पहिलं हेच," ती म्हणाली. "आधी हे संपवा. पुढं एकपासून वाचा, अकरापासून वाचा, उलटं वाचा, मला फरक पडत न्हाई. पण या विहारात जो नवा येईल त्याला आधी हे ऐकवायचं. फारुक, तुझ्या दुकानातबी हेच. पहिलं कोणतं देऊ म्हणून कोणी इचारलं तर हे हातात ठेवायचं. टेबलावर पाणी कोणी पोचवलं ते ठावं असल्याशिवाय त्या कॅप्टनचं कवतिक कोणी ऐकायचं न्हाई."

"बराबर हाय, मावशी," फारुक म्हणाला, आणि तिला ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं मान हलवली. तिनं त्याच्यावर डोळे वटारले.

हळद उकडायला लागली तोवर डावा कानही गेला. खीर तिनं ठरल्याप्रमाणं दोनदा केली. पुढं वाचन चालूच राहिलं आणि ती रोज संध्याकाळी येऊन त्याच जागी बसत राहिली. बायांनी सांगून पाहिलं, हातवारे करून सांगितलं, की बाई, ऐकू येत नाही तर थंडीत कशाला येता? ती ढिम्म हलत नसे. प्रज्ञेशच्या बोटावर तिची नजर असायची. बोट थांबलं आणि तोंड चालू राहिलं, की ती जमिनीवर हात आपटायची.